पुसायचं काम

फोरमनने काल कंपनीने वाटलेली निळी टोपी अंगणात भिरकावली. ती धुण्याच्या बादलीजवळ जाऊन पडली.

"काचा पुसायच्या म्हणे मी," तो दारातूनच बायकोला म्हणाला. "उभा जन्म टर्बाइनवर काढला. अर्ध्या शहराचे दिवे माझ्या हातावर पेटायचे. आणि आता फडकं घेऊन उन्हात उभं राहायचं."

बायकोने फडकं ओलं केलं, पिळलं आणि कपडे वाळत घालायची तार पुसायला घेतली.

त्याचा संताप काही खोटा नव्हता. कोळशाचं वीजकेंद्र बंद करताना साहेब लोकांनी भाषणं ठोकली होती, एकही माणूस वाऱ्यावर सोडणार नाही म्हणून. मग राखेच्या मैदानावर सौर पॅनलच्या रांगा उभ्या राहिल्या. खुर्चीतली कामं बाहेरून आलेल्यांना मिळाली आणि केंद्र ज्यांनी चालवलं त्यांना घरटी एक नोकरी, कुणाही एकाला, पॅनल धुण्यापुसण्याची. निव्वळ तोंडाला पानं पुसली होती. पण आज जीप दारात येईल तेव्हा घरातलं कुणी बसलं नाही, तर तीही जागा जाणार होती. घरात दुसरी मिळकत नव्हती.

"बायकी काम आहे हे. मी नाही जाणार. उपाशी मरेन."

"एकटे नाही मरणार," बायको म्हणाली.

तिने सवयीने फडकं उलटं करून पाहिलं. पांढरंच होतं. केंद्र बंद झाल्यापासून रोज पांढरंच निघत होतं, तरी तार पुसल्याशिवाय कपडा टाकायला तिचा हात धजत नसे.

"काय पुसतेस रोज रोज?" तो खेकसला. "चिमणी बंद झाली. आता काय आहे तिथे?"

तिचा हात थांबला.

"चालू होती तेव्हा विचारलं असतंत. तार काळी, खिडक्या काळ्या, पोरीच्या पाळण्याची दांडी काळी. सकाळी पुसायचं, दुपारी परत पुसायचं. तुमचा शर्ट दोनदा धुवायचा, कारण तुम्ही फोरमन. पोरगी खोकून खोकून निळी पडायची आणि तुम्ही म्हणायचात, एवढं तर चालायचंच."

"त्याच चिमणीने पोसलं आपल्याला."

"पोसलं की. मी कुठे नाही म्हणतेय." तिचा आवाज चढला नव्हता, पण फडकं तिने इतकं आवळलं होतं की पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. "मी इतकी वर्षं जे केलं, ते करायची पाळी तुमच्यावर आली तर तुम्हाला मरण आठवलं. याचा राग येतोय मला. फार राग येतोय."

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. जीपच्या ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"फोरमनसाहेब, येताय ना? तुमचंच घर राहिलंय."

फोरमन छपराकडे बघत राहिला. बायकोने फडकं बादलीच्या काठावर टाकलं, टोपी उचलून झटकली आणि डोक्यावर घातली. ती तिच्या कानांपर्यंत उतरली.

"घरातलं कुणीही चालतं ना?" तिने ड्रायव्हरला विचारलं.

"चालतं की, वहिनी." तो चोरून फोरमनकडे बघत म्हणाला. "पण दिवसभर पुसायचं काम आहे हं."

"येतं मला."

ती जीपमध्ये चढली. बसल्यावर तिला बादली आठवली.

"कपडे तेवढे वाळत घाला," ती नवऱ्याला म्हणाली. "नाहीतर वास मारतील."

जीप गेली. फोरमन बराच वेळ दारातच होता. मग त्याने बादलीतून स्वतःचा शर्ट काढला, झटकला आणि तारेच्या टोकाला, भिंतीतल्या हुकापाशी टाकायला हात वर केला. हूक उंच होता. तिचा हात तिथवर पोचत नसे.

त्याने शर्ट खांद्यावर टाकला, काठावरचं फडकं घेतलं आणि हूक पुसला. मग वरची छपराची कडा पुसली.

फडकं काळंकुट्ट निघालं. तो ते घेऊन नळाखाली धुवायला बसला.