व्हायोलिनखाली पुरलेलं वाक्य

मी जुना आहे, मायक्रोफोन आहे आणि कुत्रा नाही. मित्रांनो, यातली तिसरी गोष्ट मला जन्मभर सिद्ध करावी लागली. वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून माझ्या अंगावर केसाळ टोपडं चढवतात आणि लांब काठीच्या टोकाला मला टांगतात. एका बंदरावर कोळ्यांनी माझ्यापुढे मासळीचं डोकं टाकलं होतं. त्याच कोळ्यांनी कॅमेऱ्यासाठी मात्र केस विंचरले.

कारखान्यात तपासनीस बाईंनी माझ्यासमोर टाचणी पाडली, ती मला ऐकू आली आणि मी पास झालो. मग रेन्स्केने मला घेतलं. ती माहितीपट काढायची. कलावंत आणि त्यांच्या भोवतीची माणसं हा तिचा विषय. घंटा ओतणारे, ऑर्गनच्या नळ्या दुरुस्त करणारा आंधळा म्हातारा, समुद्राच्या बांधावर राहून फक्त ढग रंगवणाऱ्या दोघी बहिणी, सगळ्यांचे श्वास मी टिपले. लोक म्हणायचे, "काय दिसतंय!" "काय ऐकू येतंय!" असं मात्र आजवर एकानेही म्हटलेलं नाही. पण माझा राग त्यावर नाही. म्हणजे आहे, पण खरा राग पुढे आहे.

आमच्या देशाच्या पूर्वेला, जर्मन सरहद्दीजवळच्या एका खेड्यात हरमीना राहायची. वय ऐंशीच्या पुढे. गावात कुणी वारलं की ती त्या घरून एक जुना कपडा मागून आणायची आणि त्यातून त्या माणसाचा चेहरा शिवायची. तिच्या गोठ्यात गाईंऐवजी अर्धं गाव टांगलेलं होतं. गावकरी यायचे, बघायचे आणि म्हणायचे, "वाईट नाही." त्या भागात याच्या वर कौतुकाचा शब्दच नाही. पोराचं लग्न ठरलं, वाईट नाही. महायुद्ध संपलं, वाईट नाही.

हरमीनाने रेन्स्केला एकच अट घातली. "पोरी, माझा सिनेमा काढ नाहीतर नको काढू. पण या लोकांकडून माझ्या कामाबद्दल एक धड वाक्य काढून दाखव. मला जिवंतपणी ऐकायचंय."

रेन्स्के दारोदार फिरली. शेजारी एव्हर्ट राहायचा. त्याच्या बायकोचा, दीनाचा, चेहरा हरमीनाने तिच्या एप्रनमधून शिवला होता.

"दीनाबाईंचा चेहरा कसा वाटतो तुम्हाला?" रेन्स्केने विचारलं.

"बायको बरी होती."

"अहो, कापडाचा चेहरा!"

"तोही वाईट नाही," म्हणून त्याने दार लावलं. आत जाऊन त्याने नाक शिंकरलं. ते मला दारातून ऐकू आलं, पण मला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी हरमीना शिवत बसली होती. ऊन डोळ्यावर येतंय म्हणून रेन्स्केने खिडक्यांचे पडदे ओढले आणि मला खिडकीच्या फटीत ठेवलं, बाहेरची शांतता टिपायला. हो, शांतताही टिपावी लागते. आता, त्या गावात भर दिवसा पडदे ओढले की त्याचा एकच अर्थ होतो: घरातलं माणूस गेलं. रेन्स्के शहरातली, तिला हे ठाऊक नव्हतं. हरमीनाला ठाऊक होतं, पण तिने हौसेने हेडफोन चढवले होते आणि आपल्याच कोंबड्या इतक्या जवळून ऐकून ती हरखली होती.

थोड्या वेळाने चर्चची घंटा वाजू लागली.

"कोण गेलं गं?" हरमीनाने हळहळून विचारलं.

तिथे मयताची घंटा वाजवायला सांगायचं काम सख्ख्या शेजाऱ्याचं असतं. एव्हर्टने ते केलं होतं. अंगणात बायका सांत्वनाला केकचे डबे घेऊन जमल्या. एव्हर्ट मात्र मागच्या खिडकीशी, अगदी माझ्याजवळ, टोपी काढून उभा राहिला.

"हरमीना," तो पडद्याला म्हणाला, "दीनाची मान तू तिरकी शिवलीस. ऐकताना ती तशीच मान करायची. मी विसरलो होतो. तिच्यापुढे उभं राहिलं की वाटायचं, ही ऐकतेय. म्हणून अंडी मागायला यायचो तुझ्याकडे. माझ्या घरी कोंबड्या आहेत, हरमीना."

आत कॅमेरा हरमीनाच्या चेहऱ्यावर चालू होता. तिने हेडफोन काढले आणि पडदा सर्रकन बाजूला केला.

"मेल्यावर वाचा फुटली होय रे तुला? इतकी वर्षं काय अंड्याबरोबर गिळली होतीस?"

"तू... जिवंत आहेस?"

"आहे. आता तेच माझ्या तोंडावर बोल."

एव्हर्टने टोपीकडे पाहिलं. "वाईट नाही," तो पुटपुटला आणि चालू लागला. केक कापून झाला होता, म्हणून लोकांनी तो खाल्ला.

पण वाक्य माझ्याकडे होतं! स्वच्छ, थरथरीसकट. आयुष्यात एवढं मोलाचं काही माझ्या हाती लागलं नव्हतं. आणि सिनेमा दाखवणाऱ्या वाहिनीचे एक साहेब ते ऐकून म्हणाले, "कोंबड्या फार आहेत यात. प्रेक्षकांना भावना हव्यात." त्यांनी वाक्य पुसलं आणि वर व्हायोलिन ओतलं. रेन्स्के भांडली, रडली, हरली.

सिनेमा गावच्या सभागृहात दाखवला. पडद्यावर हेडफोन घातलेली हरमीना आली आणि व्हायोलिन सुरू झालं. खरी हरमीना ताडकन उठली.

"थांबवा! इथे हा माणूस बोलला होता. ही किरकिर कुणी घातली?"

रेन्स्केने यंत्र बंद केलं आणि साहेबांचं नाव सांगितलं. ते नाव मी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर त्यातही व्हायोलिन घालतील.

"एव्हर्ट, ऊठ," हरमीना म्हणाली. "त्यांनी खाल्लं तुझं वाक्य. आता ते तुझ्याशिवाय कुणाकडे नाही."

"सोड गं त्याला, दमा आहे त्याला," मागून कुणीतरी म्हणालं.

"मलाही आहे! बोल रे."

एव्हर्ट उठला. अडखळला, खोकला, पण सगळं बोलला. तिरकी मान, अंडी, स्वतःच्या कोंबड्या. कोणी हसलं नाही. हरमीनाने डोळे पुसले आणि ती म्हणाली, "हं. आता पुढचं दाखवा."

मित्रांनो, हल्ली मी एका खणात पडून असतो, टोपड्याला कसर लागली आहे. त्याचं मी बघून घेईन. तुम्ही एवढंच करा. माणूस बोलत असेल तर त्याला बोलू द्या. तो अडखळला तरी त्याच्यावर गोडवा ओतू नका. आणि कुणाचं काम आवडलं असेल तर आजच जाऊन सांगा, धड जमलं नाही तरी. धड जमण्याची वाट बघत राहिलेली पुष्कळ वाक्यं मी ऐकली आहेत. ती सगळी मी कबरीपाशी ऐकली आहेत.