डाव्या विंगेतलं स्टूल

माझी नणंद आमच्या नाटकमंडळीत प्रॉम्प्टर आहे. म्हणजे विंगेत स्टुलावर संहिता घेऊन बसायचं आणि नट अडला की पुढचे शब्द असे पुरवायचे की प्रेक्षकांना पत्ताही लागू नये. मी त्याच मंडळीचे कपडे शिवते, त्यामुळे प्रयोगाला सुईदोरा घेऊन त्यांच्या मागेच बसलेली असते. वन्संइतकी तयारीची बाई मी पाहिलेली नाही. नणंदेबद्दल असं बोलणारी भावजय तुम्हीही फारशी पाहिली नसेल.

गेल्या वर्षी त्यांनी दोन्ही कानांना श्रवणयंत्रं लावून घेतली आणि घरात जो तो अक्कल पाजळू लागला. माझे यजमान, म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ, म्हणाले, "ताई, प्रयोगापुरतीच घालत जा. रोज घातलीस तर कान आळशी होतील." सासूबाईंना वाटलं, चष्म्यासारखं असेल, घातलं की झालं. त्या पहिल्याच दिवसापासून स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या राहून लेकीशी बोलायला लागल्या आणि उत्तर आलं नाही की यंत्राला नावं ठेवायला लागल्या.

वन्संना सुरुवातीला सगळंच अंगावर येत होतं. नळ, चमचे, खुर्च्या सरकवणं. संहितेचं पान उलटलं तरी पत्रा वाजल्यासारखं वाटतं म्हणायच्या. मला बघवेना. मी म्हटलं, "काढून ठेवा ना."

"अगं, कानापेक्षा डोकं विसरलंय हे आवाज," त्या म्हणाल्या. "त्याला परत शिकवायचं तर रोजच घालायला हवीत." आणि खरंच रोज घातली. हळूहळू पानाचा आवाज पानासारखा झाला.

तेवढ्यात नवं नाटक आलं आणि कटकट सुरू झाली. आमचे मुख्य नट जन्मभर राजेच करत आले, म्हणून सगळे त्यांना महाराज म्हणतात. या नाटकात ते एका हट्टी बापाचं काम करतात. महाराज वाक्य विसरायचे, वन्सं शब्द द्यायच्या, आणि महाराज ढिम्म उभे. मागे बसून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. पण महाराजांनी सरळ वन्संवर खापर फोडलं. "यांचा आवाजच पोचत नाही," ते दिग्दर्शकांना म्हणाले. "कानात यंत्र घालून बसलेल्या बाईला कसं कळणार, आपण किती हळू बोलतोय ते?"

सगळ्यांना ते पटलंसुद्धा. यंत्र ज्याच्या कानात, दोष त्याचाच. दिग्दर्शकांनी सांगून टाकलं, पुढच्या प्रयोगात जमलं नाही तर स्टुलावर दुसरं कोणीतरी बसेल.

घरी येईपर्यंत मी धुमसत होते. "वन्सं, तुम्ही गप्प का बसलात?"

"महाराज विनोदावर सगळ्यांच्या मागून हसतात, पाहिलंस?" त्या शांतपणे म्हणाल्या. "चहाला टेबलाचं एकच टोक धरतात, म्हणजे सगळे त्यांच्या डाव्या हाताला येतात. वर म्हणतात, हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात. मीही वर्षानुवर्षं हेच केलंय गं."

"मग सांगा की दिग्दर्शकांना."

"आणि उद्यापासून त्यांना काम कोण देणार?"

"तुमचं स्टूल जातंय त्याचं काय?"

"ते माझं मी बघते," त्या म्हणाल्या. मी हात टेकले.

पुढच्या प्रयोगाला त्यांनी स्टूल उचलून महाराजांच्या डाव्या बाजूच्या विंगेत नेलं. तिकडे दिव्याची वायर पोचत नव्हती, म्हणून हातात बॅटरी घेतली. माझी कपड्यांची पेटी उजवीकडे, त्यामुळे माझी फरफट झाली आणि मी ती बोलूनही दाखवली.

तिसऱ्या अंकात बाप लेकीला घर सोडून जायला सांगतो, तिथे महाराज अडले. दुसरं कोणी असतं तर जोरात कुजबुजलं असतं. पण कमजोर कानाला कुजबुज आधी सुटते, आणि ओरडलं तर नुसता गलका वाढतो, शब्द उलगडत नाही. वन्सं महाराजांना ओठ दिसतील इतक्या पुढे वाकल्या, बॅटरीचा उजेड स्वतःच्या तोंडावर घेतला आणि खालच्या, जाड आवाजात सावकाश म्हणाल्या, "जाताना दार लावू नकोस."

महाराजांनी शब्द उचलला. प्रेक्षकांना वाटलं, बापाचा गळाच दाटला होता. पहिल्या रांगेत दोघी-तिघी डोळे पुसत होत्या.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक खुशीत आले. "एकदाचं नीट लागलं वाटतं तुमचं मशीन."

"हो, लागलं," वन्सं म्हणाल्या. माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून, नाहीतर मी काय बोलले असते सांगता येत नाही.

जरा वेळानं अर्धी दाढी उतरवलेले महाराज आमच्या कपड्यांच्या खोलीत आले आणि दार लोटून घेतलं.

"जागा का बदललीत?"

"तुमचा डावा कान बरा आहे."

महाराज माझ्या पेटीवर बसले. मी उठवलं नाही. उरलेली दाढी सोडवत त्यांनी विचारलं, "मग सगळं स्वतःवर का घेतलंत?"

"प्रॉम्प्टरनं दिलेला शब्द नटापाशीच राहायचा असतो," वन्सं म्हणाल्या. "प्रेक्षकांत जायचा नसतो." मग त्यांनी आपल्याला यंत्रं लावून देणाऱ्या बाईंचा पत्ता सांगितला आणि बजावलं, "पहिले काही दिवस पानसुद्धा पत्र्यासारखं वाजेल. काढून ठेवू नका."

मला वाटलं, झालं, हे इथेच मिटलं. पण पुढच्या तालमीला स्टूल पुन्हा उजवीकडच्या जुन्या जागी होतं. महाराज आले. ज्या माणसानं जन्मात कधी स्वतःचा मुकुट उचलून ठेवला नव्हता, त्यानं सगळ्यांसमोर ते स्टूल उचललं, डाव्या विंगेत नेऊन ठेवलं आणि दिग्दर्शकांकडे वळून म्हणाला, "यांचं मशीन पहिल्यापासून नीट होतं. कान माझे गेलेत."

वन्सं जाऊन स्टुलावर बसल्या, आणि मान खाली घालून त्यांनी संहितेचं पहिलं पान उघडलं.