सासूची इंग्रजी

सुभद्राबाईंना इंग्रजी येत नव्हती, पण कान भलतेच तिखट. त्यांची सून अर्पिता पुण्याची. लग्न होऊन धामणगाव बढ्याला आली, तशी रोज दुपारी जेवणं आटोपली की मैत्रिणीला फोन लावायची अन् इंग्रजीतून बोलत बसायची. मधूनमधून ‘मदर-इन-लॉ’ ऐकू आलं की सुभद्राबाईंच्या हातातली तुरीची शेंग हातातच राहायची.

एका रविवारी त्यांनी ऐकलेलं मनात घोकत घोकत शेजारच्या नूरजहांचं घर गाठलं. नूरजहांची शाहीन बुलढाण्याला कॉलेजात इंग्रजी शिकवायची. सुट्टी म्हणून घरीच होती.

“शाहीन, टफ कुकी म्हंजे काय वं?”

“कठीण बिस्किट, मौशी. म्हंजे सहजासहजी न मोडणारी बाई. तारीफ हाय ते.”

“बिस्किट म्हणनं म्हंजे तारीफ?” सुभद्राबाईंनी नाक मुरडलं. “अन् तिची बार्क तिच्या बाइटहून वर्स, असं कायतरी म्हणे.”

शाहीन जरा घुटमळली. “म्हंजे... भुंकते जास्त, चावते कमी.”

“मले कुत्री म्हणली?”

नूरजहांनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. शाहीन घाईघाईनं म्हणाली, “तसं नाई मौशी! गरजंल तो पडंल काय, आपण म्हणतोच ना? तोंडानं फटकळ, मनानं साधी, असं म्हणली ते.”

सुभद्राबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. राग आला होता, अन् मनातून थोडं बरंही वाटलं होतं. दोन्हीतलं कोणतं धरावं ते कळेना. मग डोळे बारीक करून म्हणाल्या, “मलेही शिकव अशा दोन-चार म्हणी. तिले मात्र सांगू नको.”

त्यानंतर शाहीन घरी असली की शिकवणी चाले. धडा रंगात आला की शाहीनपेक्षा नूरजहांच जास्त चुका काढायची.

अन् एका दुपारी अर्पिता फोनवर हळूच म्हणाली, “आय ॲम वॉकिंग ऑन एगशेल्स हिअर.”

सुभद्राबाई केरसुणी घेऊन आल्या अन् सुनेच्या पायाजवळ झाडू लागल्या.

“आई, काय झाडताय? सकाळीच झाडलंय.”

“टरफलं.”

“कसली?”

“अंड्याची. आपल्या घरात अंडं येत नाई, अन् तू म्हनते त्याच्यावर जपून-जपून चालून राह्यली!”

अर्पिताचा चेहरा पांढराफटक. फोनमधली मैत्रीण मात्र खो-खो हसत सुटली.

“आई, तुम्हाला... सगळं कळतं?”

“आय ॲम ऑल इयर्स,” सुभद्राबाई दोन्ही कानांवर टिचकी मारत ठसक्यात म्हणाल्या.

अर्पिताच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी वाईट नव्हते हो बोलत.”

“माहीत हाय. बिस्किट म्हणली. पन भुंकते म्हणली, त्याचं काय?” अन् सून रडायच्या बेतात आलेली पाहून सुभद्राबाईच पदर तोंडाला लावून हसू लागल्या. “आता चावूनच दाखवतो! आज रातच्याले भाकरी तू थाप.”

भाकरी नकाशासारख्या झाल्या. मुलगा जीवन मान खाली घालून मुकाट जेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन लागला. अर्पितानं मधेच हाक मारली, “आई, ‘डोक्यावर मिऱ्या वाटते’ हे इंग्रजीत कसं सांगू?”

“कोनाबद्दल सांगून राह्यली?”

“तुमच्याचबद्दल.”

“थांब मंग,” म्हणत सुभद्राबाईंनी शेंगांची टोपली उचलली अन् फोनजवळ जाऊन बसल्या.