अक्काचा खालचा जबडा

अक्का रेडिओवर सकाळच्या बातम्या वाचायची. तिचा 'श' वेगळा ऐकू येतो आणि 'ष' वेगळा, असं केंद्रातली जुनी माणसं कौतुकाने सांगत. तोंडातले सगळे दात गेले आणि कवळी आली, तेव्हा पहिला घाव त्या दोन अक्षरांवरच बसला. वरची कवळी टाळूला धरून राहायची, खालची मात्र जिभेबरोबर नाचायची. एकदा कुणाच्या तरी निधनाची बातमी वाचताना ती उचलली गेली आणि 'शोकाकुल'च्या जागी शीळ वाजली. पुढच्या महिन्यापासून आठवड्यातल्या दोन सकाळी एका नव्या मुलीकडे गेल्या.

घरात अक्का आणि तिची धाकटी बहीण, दोघीच. अक्काने लग्न केलं नव्हतं, धाकटीचं झालं होतं आणि मोडलं होतं. धाकटी बाहेरच्या खोलीत मशीनवर लोकांचे पडदे शिवायची. 'आपलेच दात, आपलेच ओठ' असं दोघींचं चालायचं. भांडण झालं तरी ताट एकमेकींसाठी झाकून ठेवलेलं असे.

इम्प्लांटबद्दल अक्काला केंद्रातल्याच कुणी सांगितलं. जबड्याच्या हाडात स्क्रू बसवतात, हाड त्याला धरून घेतं आणि त्यावर दात पक्के बसतात. अक्का धाकटीला घेऊन एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी तोंड तपासलं, मग कोणती औषधं चालू आहेत ते विचारलं. अक्काने सरळ सांगितलं. मनगट मोडल्यापासून हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून वर्षातून एकदा शिरेतून इंजेक्शन घेते, आणि दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या.

बाईंनी हातमोजे काढले. त्या इंजेक्शनने हाड मजबूत होतं, पण झालेली जखम भरून काढायची त्याची ताकद मंदावते, असं त्यांनी समजावलं. औषध हाडात वर्षानुवर्षं मुरून राहतं. बहुतेकांना काही होत नाही, पण ज्याला होतं त्याच्या जबड्याचं हाड जागच्या जागी मरतं. त्यात दम्याच्या गोळ्यांची भर. "मी तुमच्या जबड्याला भोक पाडणार नाही," त्या म्हणाल्या. "कवळी नीट बसेल अशी नवी करून देते."

घरी आल्यावर अक्का म्हणाली, "बाई घाबरट आहे."

दुसरा डॉक्टर तरुण होता, हसतमुख. त्याच्या दवाखान्यात काचेच्या कपाटात प्लास्टिकचा जबडा ठेवला होता, त्यात चमकदार स्क्रू. अक्काच्या हाडाची जाडी चांगली आहे, असं तो एक्स-रे पाहून म्हणाला आणि मग त्यानेही तेच विचारलं. हाडांसाठी एखादं इंजेक्शन, दुसरी काही औषधं?

"कॅल्शियमची गोळी," अक्का म्हणाली. "बाकी काही नाही."

धाकटी शेजारच्या खुर्चीत बसली होती. डॉक्टरने सहज तिच्याकडे पाहिलं. अक्कानेही पाहिलं. लहानपणी पाहुण्यांसमोर बोलू नकोस असं सांगायला अक्का जशी बघायची, तसंच. धाकटी मांडीवरच्या पिशवीचे बंद नीट करत राहिली.

बाहेर पडल्यावर मात्र तिने अक्काचा दंड धरला. आत्ताच्या आत्ता परत जाऊन सांग, म्हणाली. अक्काने हात सोडवून घेतला.

"तुझं मशीन बंद पडलं तर तू दुसरं आणशील," ती म्हणाली. "मी काय आणू? तू सांगितलंस ना, तर या घरात मी तुझ्याशी बोलणार नाही."

धाकटीने सांगितलं नाही.

चार स्क्रू बसले. टाके सुकले, गालाची सूज उतरली, काही महिन्यांनी त्यांवर बटणासारखे अडकणारे दात चढले. तेव्हा धाकटीलाही वाटलं, आपण उगीच भ्यायलो. अक्का आरशासमोर उभी राहून 'शिशिर', 'षट्कोन', 'आशीर्वाद' म्हणत होती आणि प्रत्येक शब्द घासून ठेवलेल्या भांड्यासारखा लख्ख बाहेर येत होता. नव्या मुलीकडे गेलेल्या दोन्ही सकाळी परत आल्या. अक्का भाजलेले शेंगदाणे खिशात ठेवून दिवसभर खायची. "आता चणेही आहेत आणि दातही," असं म्हणून स्वतःच हसायची.

मग एका रविवारी चहा पिताना तिच्या हनुवटीवर ओघळ आला. तिला तो कळलाच नाही. धाकटीने पुसायला रुमाल दिला तेव्हा अक्काने बोटाने खालचा ओठ दाबून पाहिला, पुन्हा दाबला आणि डाव्या बाजूला काहीच लागत नाही म्हणाली. थंडीने असेल, असंही म्हणाली. थंडी नव्हती.

त्यानंतर वास सुरू झाला. अक्का लवंग चघळायची, दिवसातून कितीदा तरी चुळा भरायची, पण तिने खोलीत येऊन तोंड उघडलं की फुलदाणीतल्या जुन्या पाण्यासारखा वास पसरायचा. तरुण डॉक्टरने हिरडी धुतली, गोळ्या दिल्या, आठवड्याने बोलावलं. पुन्हा धुतली, गोळ्या बदलल्या. त्याचं हसणं कमी होत गेलं. असं का होतंय ते त्याला कळत नव्हतं. कळण्यासारखं जे होतं ते खोलीतल्या दोन बायकांना ठाऊक होतं आणि दोघी गप्प होत्या.

शेवटी एका दुपारी जेवताना अक्का घास चावायची थांबली. तिने तोंडात बोटं घातली आणि दात उचलून ताटात ठेवले. डावीकडचा एक स्क्रू त्यांच्याबरोबरच आला होता. त्याला हाडाचा तुकडा घट्ट चिकटलेला होता, पिवळट आणि कोरडा. रक्ताचा थेंबही नव्हता. हाडाने स्क्रूला अखेरपर्यंत सोडलं नव्हतं, जबड्यानेच त्या हाडाला सोडलं होतं.

त्या दिवशी धाकटी दवाखान्यात शिरली आणि बसायच्या आधीच बोलली. इंजेक्शन, दम्याच्या गोळ्या, पहिल्या बाईंचा नकार, सगळं. अक्काने तिला अडवलं नाही. रुमालात गुंडाळून आणलेला तो तुकडा डॉक्टरने उचलून उजेडाकडे धरला.

"मी विचारलं होतं," तो म्हणाला.

"हो," अक्का म्हणाली. "तुम्ही विचारलं होतं. तुमची चूक नाही."

मोठ्या रुग्णालयातल्या सर्जनने आधीच सांगून ठेवलं होतं की मेलेलं हाड खरवडत जायचं आणि जिथे ताजं रक्त दिसेल तिथे थांबायचं. रक्त त्याला वाटलं होतं त्याच्या बरंच पुढे दिसलं. जबडा सलग राहिला, पण पापुद्र्याएवढा. उरलेले स्क्रूही काढावे लागले. आता खाली कुठलेच दात बसणार नव्हते, कवळीसुद्धा नाही. सकाळच्या बातम्या नवी मुलगी वाचू लागली आणि त्या वेळी घरातला रेडिओ बंद राहू लागला. अक्का थोडं आणि सावकाश बोलायची, हनुवटीला हात लावून, जणू ती खाली पडेल.

जखम बहुतेक मिटली. एका ठिकाणी मात्र तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं हाड उघडं राहिलं. रोज सकाळी अक्का खिडकीशी तोंड उघडून बसे आणि धाकटी विजेरी धरून आत बघे. बघून झालं की म्हणे, तेवढंच आहे. खरोखरच तेवढंच असे.

एका सकाळी धाकटीने जरा जास्त वेळ पाहिलं. पांढऱ्याची कड पुढे सरकली होती, उजवीकडे, जिकडे सर्जनने हाड शाबूत आहे म्हणून हात लावला नव्हता. तिने विजेरी विझवली. अक्का तोंड मिटून तिच्याकडे बघत राहिली. आज तिच्या बघण्यात जरब नव्हती.

"तेवढंच?" अक्काने विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली. "वाढलंय."

अक्काने मान हलवली. उठून तिने रुग्णालयाची फाइल घेतली, चप्पल पायात घातली आणि धाकटी दाराला कुलूप लावेपर्यंत जिन्यात उभी राहिली.