एक्केचाळीस लाल गाठी

तात्पुरता मनाई हुकूम साधा होता: शिंपिणीच्या दुकानापासून तीनशे मीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. पण हुकूम ज्याच्यावर होता त्या मोजणीदाराची जमीनमोजणीची कचेरी दुकानापासून दोनशे चाळीस मीटरवर. म्हणजे हुकूम कायम झाला की वीस वर्षांची खुर्ची गेली, आणि चारचौघांत नाक कापलं जाणार ते वेगळंच. म्हणून गडी हरकत घेऊन कोर्टात हजर.

त्याच्या लेखी गुन्हा काय, तर प्रेम. दोन वर्षं बायकोपासून लपवून केलेलं, आणि शिंपिणीने एका सकाळी "आता पुरे" म्हणून संपवलेलं. त्यानंतर तो नुसता उभा राहायचा. कधी कोपऱ्यावर, कधी समोरच्या फुटपाथवर. "उभं राहायला काय परवाना लागतो का?" हे त्याने वकिलाला दहादा ऐकवलं होतं.

न्यायाधीश बाईंनी पुरावा मागितला. शिंपिणीने पिशवीतून कपडे बेतायचा खाकी कागद काढला आणि टेबलावर पसरला. त्यावर अख्ख्या वस्तीचा नकाशा होता. एक इंच म्हणजे शंभर पावलं.

मोजणीदाराला हसू आलं. म्हणे नकाशा! चुका दाखवायला तो पुढे वाकला. गिरणीजवळ रस्ता जरासा तिरका जातो. तिथे त्याच्या हाताखालचे शिकलेसवरलेले लोकही हमखास माती खातात. त्याने तिथे बोट ठेवलं. बरोबर. शाळेमागचं वळण? तेही बरोबर. यंत्र नाही, साखळी नाही, नुसती पावलं मोजून! तो थक्क झाला. जिच्यावर जीव टाकला तिच्या बोटांत हे आहे, हे आपल्याला दोन वर्षांत कळू नये?

मग त्याचं लक्ष नकाशावर शिवलेल्या दोऱ्यांकडे गेलं.

"लाल गाठी म्हणजे हे उभे असायचे त्या जागा," ती सांगत होती. "एक्केचाळीस आहेत. निळा धावदोरा म्हणजे माझी दुकानाची वाट."

घरापासून दुकान तीन गल्ल्यांवर. निळा दोरा मात्र एकेक लाल गाठ टाळत, नाल्याकाठून, अकरा गल्ल्या फिरून पोचत होता. त्याने मनातल्या मनात अंतर काढलं. एवढं ती रोज चालत होती, आपल्यामुळे.

त्याचे वकील न्यायाधीशांकडे वळून उठले. "बाई, हा अधिकृत नकाशा नव्हे. अंतरं तपासली कोणी?"

"मी," मोजणीदार म्हणाला. "कुठेही चूक नाही."

वकिलांनी त्याची बाही ओढली. तो बसला नाही.

"म्हणजे हरकत मागे घेता?" न्यायाधीश बाईंनी विचारलं. "मग कचेरीचं काय?"

"माझं टेबल कुठेही हलेल, बाई. त्यांना आणखी किती वळसे घालायला लावू?"

दोन वर्षं जिला 'अगं' म्हणून हाक मारली, तिच्याबद्दल तो आज पहिल्यांदा 'त्यांना' म्हणाला होता. शिंपिणीने मान वर केली नाही. ती कागदाची घडी घालत होती.