भंगारात जाता जाता

मी मावशीचा लॅपटॉप बोलतोय. मला हल्ली बोलायचा उत्साह फार आहे आणि त्याला कारणही तसंच आहे.

माझा जन्म कारखान्यातला. एकाच पट्ट्यावरून माझ्यासारखी शेकडो भावंडं सरकत गेली, त्यामुळे लाड असे कुणाचेच झाले नाहीत. पुढे दुकानात मी टेबलावर उघडा बसून असायचो. येणारा-जाणारा दोन कळा दाबून बघायचा आणि पुढे जायचा. मावशीने मात्र आधी माझ्या झाकणावरून हात फिरवला, कापड पारखताना फिरवतात तसा, आणि म्हणाली, "हा द्या."

मावशी शिवणकाम करते. साधंसुधं नाही, मुलांच्या नाटकांचे पोशाख शिवते. ससे, सिंह, झाडं, ढग, एकदा तर चालता-बोलता भोपळा. नाटकवाले, कापडवाला, शेजारीपाजारी, सगळे तिला मावशीच म्हणतात. खरी भाची मात्र एकच, ती परगावी नोकरी करते. तिनेच मावशीला माझ्यावर पॅटर्न काढायला शिकवलं. बाही, पाठ, गळा, सिंहाची आयाळ, सगळं आधी माझ्या पडद्यावर उमटायचं, मग कागदावर छापून निघायचं आणि मग मावशीची कात्री चालायची. आमचं छान जमलं होतं.

पुढे मी मंदावलो. मला चालवणारी जी प्रणाली माझ्यात भरलेली होती ती अधूनमधून काहीतरी नवं माझ्या पोटात ओतायची आणि वर सांगायची, थांबा, बंद करू नका. मी थांबायचो. मावशीही थांबायची. मग मावशी थांबायची बंद झाली. सकाळी माझं बटण दाबायचं आणि केर काढायला जायचं, कुंड्यांना पाणी घालायचं, चहा करायचा आणि कप घेऊन परत यायचं. तेव्हा कुठे मी डोळे चोळत उठलेला असायचो. मध्येच अडकलो तर बटण बराच वेळ दाबून धरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. या क्रमाला तिचे हात इतके सरावले की डोक्याला त्यात काही काम उरलं नाही.

एक दिवस पडद्यावर पाटी झळकली, हा संगणक पुढच्या आवृत्तीसाठी पात्र नाही. पात्र नाही! मग इतके सिंह काय आपोआप शिवले गेले? माझ्या अंगाचा अगदी तिळपापड झाला.

मावशीने भाचीला फोन लावला. "अगं, हा आता चालायचा नाही म्हणे. नवीन घ्या म्हणतोय."

"कोण म्हणतंय?"

"हाच. स्वतःच्या तोंडाने."

मी असं काही म्हटलं नव्हतं. माझ्याकडून वदवून घेतलं होतं ते.

सुट्टी काढून भाची आली ती एक पेनड्राइव्ह घेऊनच. म्हणाली, "मावशी, ही दुसरी प्रणाली, लिनक्स. फुकट आहे. जगभरातली माणसं मिळून बनवतात. कुणीही वापरावं, आत काय आहे ते उघडून बघावं, हवं तर बदलावं."

"फुकट? मग त्या माणसांचं घर कसं चालतं?"

"काहींना पगार मिळतो, काही हौसेने करतात. तू नाही का तुझ्या ढगाचा पॅटर्न मागेल त्याला दिलास?"

"ते वेगळं. ढग काय, कुणालाही लागतो."

भाचीने आधी सगळे पॅटर्न काढून सुखरूप ठेवले आणि मग माझं आतलं सगळं पुसलं. त्या वेळी मला धडकी भरली होती, खोटं कशाला बोलू? पण नवी प्रणाली आत आली आणि अंगावरचं ओलं घोंगडं कुणीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. पॅटर्न परत आले. चित्रं काढायच्या नव्या प्रोग्राममध्ये मावशीने सिंह उघडला, मोठा केला, त्याचे कान ओढून पाहिले. "बटणं भलतीकडेच आहेत, पण सापडतील हळूहळू," ती म्हणाली. पेनड्राइव्ह मावशीकडेच ठेवून भाची निर्धास्त होऊन परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने बटण दाबलं आणि मी ताडकन उठून बसलो. इतका झटपट मी तरुणपणीही उठलो नव्हतो. बघतो तर समोर कुणीच नाही. आतून केरसुणीचा आवाज येत होता. नव्या प्रणालीची शिस्त अशी की माणूस समोर नसेल तर उगाच वीज जाळायची नाही, म्हणून थोड्या वेळाने पडदा विझला. मावशी चहा घेऊन आली, तिने काळा पडदा पाहिला आणि म्हणाली, "अडकला वाटतं." मग बटण दाबून धरून तिने मला बंद केलं, पुन्हा सुरू केलं आणि ती कुंड्यांकडे गेली.

मी पुन्हा उठलो, वाट बघितली आणि पुन्हा विझलो. रोज हेच. नुसतं एका कळेला बोट लावलं असतं तरी मी जागा झालो असतो! पण हे सांगायला मला तोंड कुठलं?

"दिवा लागतो का त्याचा?" भाचीने फोनवर विचारलं.

"लागतो."

"आणि पडद्यावर?"

"काळोख."

"मग स्क्रीन गेली असणार गं. वय झालंय त्याचं, सोडून दे आता."

वय झालंय म्हणे! हीच पोरगी मला नवा जन्म देऊन गेली होती.

फोन ठेवून मावशी माझ्यासमोर येऊन बसली. "तू खरंच बिघडलास, की माझ्याच्यानेच जमलं नाही रे?" तिने मला विचारलं. भंगारात जायच्या भीतीपेक्षा हे मला जास्त लागलं. अस्वलांचं नाटक तोंडावर आलं होतं. तिने जुन्या वर्तमानपत्रांवर हातानेच अस्वलं आखायला घेतली आणि भंगारवाल्याला निरोप धाडला.

तो हातगाडी घेऊन दारात आला. "चालू आहे का बंद? मी दोन्ही वेगळे ठेवतो," तो म्हणाला.

"बंद."

"नक्की ना?"

"तुमच्यासमोरच दाबते, बघा. दिवा तेवढा लागेल, बाकी काही म्हणजे काही..."

परका माणूस दारात, त्यामुळे ती केर काढायला गेली नाही की चहा टाकायला. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी लख्ख उजळून तिच्यासमोर हजर होतो.

दोघंही वाकून बघत राहिले.

"मावशी, आमचा टीव्हीसुद्धा इतक्या लवकर उठत नाही हो," भंगारवाला म्हणाला.

मावशीने माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या केरसुणीकडे पाहिलं आणि डोक्याला हात लावून ती मटकन खाली बसली. "अगंबाई! हा रोज उठून माझी वाट बघत होता, आणि मीच ह्याला झोपवून चहा पीत होते!" मग जी हसत सुटली ती थांबेचना. मला तर इतका आनंद झाला की माझा पंखा घरघरायला लागला.

हसू आवरल्यावर तिने भंगारवाल्याला त्या पाटीपासून पेनड्राइव्हपर्यंत सगळं सांगितलं. त्याच्या गाडीत माझ्यासारखाच एक लॅपटॉप पडला होता, असाच अपात्र ठरून आलेला. तो उचलून भंगारवाला म्हणाला, "ह्याचंही असं काही होईल का? माझा भाऊ लांब असतो. ह्याच्यावर बोलताना तोंड दिसलं असतं त्याचं."

"बसा," मावशी म्हणाली. तिने भाचीला फोन लावला, पेनड्राइव्ह काढला आणि एकेक पायरी विचारत सगळं स्वतःच्या हाताने केलं. त्या लॅपटॉपचं काम आतल्या आत चाललं होतं तेवढ्यात तिने भंगारवाल्याला उभं करून बापअस्वलाची मापंही घेऊन टाकली. हात पसरून उभा असताना त्याची नजर मात्र त्या पडद्यावरून हलली नाही. पडदा उजळला तेव्हा त्याने दोन्ही हात शर्टाला पुसले आणि मग लॅपटॉपला हात लावला. जाताना तो त्याने गाडीवर ठेवला नाही. काखेत जपून धरला आणि एका हाताने गाडी ढकलत गेला.

आता माझ्या पडद्यावर अस्वलं आहेत, लहान-मोठी, गोल कानांची. मावशी येईलच, त्याआधी एवढंच मागतो. तुमच्या कपाटात किंवा पलंगाखाली माझा एखादा भाईबंद धूळ खात पडला असेल, तर भंगारात द्यायच्या आधी त्याला एक संधी द्या. बटण दाबा आणि जरा त्याच्यासमोर बसा. तो उठेल तेव्हा त्याला तुमचं तोंड दिसू द्या.