सत्तावीस वेबसाइटवरचे हात

“सत्तावीस वेबसायटी झाल्या, पण तोंड एकदाही नाही आलं माझं. मनगटाच्या वर मी आहे की नाही, अशी शंका येत असेल लोकांना,” सासूबाई पुटपुटल्या. सूनबाई त्यांच्या बोटांवर क्रीम चोळत होती, त्यामुळे ते पुटपुटणं थेट तिच्या कानात पडलं. तिथेच पडावं म्हणून तर पुटपुटायचं असतं.

“तोंड दाखवलं तर लोक घाबरून पळतील, आई.”

“पळू देत. निदान कुठेतरी पोचतील. तुझ्या वेबसायटीवर आले की नुसतं गोल फिरणारं चाक बघत बसतात.”

घराची पुढची खोली हेच ऑफिस. दोन टेबलं, दोन स्क्रीन, भिंतीवर फोटोंसाठी लावलेला पांढरा कागद आणि एक भलीमोठी खिडकी. सूनबाई पूर्वी छापखान्यात पानं जुळवायची. छापखाना बंद पडला तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. फुकटचे व्हिडिओ थांबवत, मागे घेत, पुन्हा लावत ती घरबसल्या वेबसाइट करायला शिकली. पहिलं काम एका फुलवाल्याचं मिळालं. फोटोत फुलं धरायला माणूस कुठून आणायचा? समोर सासूबाई दोऱ्याची गाठ सोडवत बसल्या होत्या. “आई, हात द्या जरा,” सूनबाई म्हणाली, आणि ते हात जे कामाला लागले ते लागलेच. बेकरीवाल्यासाठी त्यांनी पीठ मळलं, कुलूपवाल्यासाठी किल्ली फिरवली, पुस्तकं बांधणाऱ्यासाठी सुई ओवली, जनावरांच्या डॉक्टरसाठी एका तापट मांजराला मांडीवर धरलं. मांजराने फक्त कॅमेऱ्याला ओरखडलं, हातांना नाही.

हात तसे साधे नव्हतेच. नकाशांच्या कचेरीत सासूबाईंनी एकतीस वर्षं शाईने रेघा मारल्या होत्या. नद्या, रस्ते, सरहद्दी, सगळं केसाएवढ्या जाडीचं. श्वास रोखायचा, रेघ सुरू करायची, रेघ संपली की श्वास सोडायचा. “नदी लांबलचक असली की जीव जायची वेळ यायची,” त्या सांगत. पानावर मोकळी जागा कुठे आणि किती सोडावी, हे सूनबाईला कुठल्या व्हिडिओने शिकवलं नव्हतं. ते सासूबाईंनी शिकवलं, तेही टोमणे मारत.

आठ महिन्यांपूर्वी पहिला फोटो हलला. लोकरीच्या दुकानाचं काम होतं, गुंड्यावर नुसता हात ठेवायचा होता. सूनबाईला वाटलं, आपलाच कॅमेरा हलला. पुढच्या खेपेला वाटलं, उजेड कमी पडला. तिसऱ्या खेपेला तिने काही वाटून घ्यायचंच सोडून दिलं. चाळीस फोटो काढायचे, एकोणचाळीस पुसायचे, एक ठेवायचा. एक दिवस नवऱ्याने न सांगता जाडजूड ट्रायपॉड आणला. “जुना डुगडुगत होता,” असं म्हणाला आणि बायकोच्या डोळ्याला डोळा न देता पाणी प्यायला निघून गेला. सासूबाई कप दोन्ही हातांनी धरू लागल्या. “गारठा किती पडलाय,” म्हणायच्या. गारठा केव्हाच सरला, तरी कप दोन्ही हातांतच राहिला.

डॉक्टरांकडे जायला हवं, उशीर होऊन चालणार नाही, हे सूनबाईला कळत होतं. पण डॉक्टर विचारणार, काय होतंय? मग कुणाला तरी तोंड उघडावं लागणार. ज्या बाईने उभ्या जन्मात एक रेघ वाकडी मारली नाही, तिला ते कसं सांगायचं? शब्द एकदा बाहेर पडला की घरात त्याला जागा करून द्यावी लागते. म्हणून तिघंही गप्प होते.

आज घड्याळवाले काका आले होते. दुकानाच्या शटरखाली त्यांची दोन बोटं सापडली होती, आणि बँडेजमुळे त्यांचा उजवा हात फुगलेल्या पावासारखा दिसत होता. त्यांच्या वेबसाइटला व्हिडिओ हवा होता: चिमट्याने शेवटचा स्क्रू बसतो आणि घड्याळ चालू होतं, एवढाच.

“मी काय म्हणते काका,” सूनबाईने खडा टाकून पाहिला, “आपण नुसती घड्याळंच दाखवली तर? मांडून, छान ओळीने?”

“का? हात आहेत की घरात,” सासूबाई फटकन म्हणाल्या.

“स्क्रू खसखशीएवढा असतो, ताई,” काका चाचरले. “बोटं बरी झाली की मीच—”

“खसखशीएवढी गावं लिहिलीत मी नकाशावर. द्या इकडे तो चिमटा.”

नवरा सुट्टीमुळे घरी होता. उजेड परतवायला पांढरा पुठ्ठा धरून तो खिडकीपाशी उभा राहिला. काकांनी उघडं घड्याळ टेबलावर ठेवलं, कुठला स्क्रू कुठे जायचा ते दाखवलं, डाव्या हाताने हवेतच दोनदा करूनही दाखवलं. सूनबाईने कॅमेऱ्याला जवळचं दाखवणारी लेन्स लावली आणि चित्र मोठ्या स्क्रीनवर घेतलं. इवलंसं घड्याळ स्क्रीनवर परातीएवढं झालं. कॅमेरा सुरू झाला.

सासूबाईंनी हात टेबलाच्या कडेवर टेकवला. तो थांबला नाही.

इतके दिवस जे बोटभर फोटोत धूसर दिसायचं, ते आता भिंतीएवढं दिसत होतं. चिमट्याचं टोक हलत होतं, अंगठा हलत होता, अंगठ्याखालची शीर हलत होती. सूनबाईने स्क्रीनवरची नजर कॅमेऱ्याच्या बटणांकडे वळवली. नवऱ्याने पुठ्ठा वर केला, खाली केला, पुन्हा वर केला.

“हवेने होतं असं,” काका हळूच म्हणाले. “पंखा बंद करा जरा.”

पंखा बंदच होता.

मग सासूबाईंनी श्वास घेतला आणि रोखला. हात टेबलावरून उचलला. आणि उचलल्या क्षणी, वारा पडल्यावर पाणी जसं निपचित होतं, तसा तो शांत झाला.

स्क्रीनवर तो हात पुढे सरकत होता. म्हातारा, सुरकुतलेला, प्रचंड मोठा, एखादा डोंगर आपण होऊन चालत यावा तसा. चिमट्याने स्क्रू उचलला. तो घड्याळाच्या चाकांवरून, चाकांच्या दातांवरून, कशालाही न शिवता पलीकडे नेला, भोकावर आणला, सोडला. पहिल्याच फटक्यात स्क्रू बसला. बारीक पेचकसाने एक पीळ, दुसरा पीळ. काकांनी डाव्या हाताने दोनदा चावी फिरवली आणि स्क्रीनभर एक सोनेरी चाक झुलायला लागलं, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

आठ महिने आपण ह्या हातांना काय सांगत होतो, असं सूनबाईच्या मनात आलं. इथे ठेवा, तिथे टेकवा, नुसते असू द्या. नुसतं असणंच त्यांना जमत नव्हतं. काम दिलं की ते अजून तेच हात होते.

सासूबाईंनी श्वास सोडला. हात मांडीत घेतला. मांडीत तो पुन्हा सुरू झाला.

“तीस वर्षं झाली मला दुकानात,” काका म्हणाले, “पहिल्या फटक्यात माझाही बसत नाही.” मग त्यांना काहीतरी बोलावंसं वाटलं. ते घड्याळाकडे बोट दाखवत म्हणाले, “हे चाक बघा, ताई. हे एवढंसं हलतं ना, म्हणून तर घड्याळ—”

“गोड बोलू नका उगाच,” सासूबाई म्हणाल्या. “त्याला ठरवून हलवलंय.”



सूनबाई लगबगीने दुसऱ्या टेबलाशी गेली आणि व्हिडिओ जुळवायला बसली. सवयीने बोटं चालली: सुरुवातीचे बारा सेकंद गेले, शेवटचे नऊ गेले. राहिलं ते निखळ होतं. हात हवेतूनच येत होता, स्क्रू बसवत होता, हवेतच जात होता. सगळे तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. तिने व्हिडिओ लावून दाखवला. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

सासूबाईंनी चष्मा पुसला, घातला. “पुन्हा लाव.”

तिने पुन्हा लावला.

“ह्याच्या आधीचं कुठे गेलं?”

“कुठलं, आई?”

“मी श्वास घेतला त्याच्या आधीचं.”

“लांबण लागली असती,” नवरा मागून म्हणाला. “लोकांना वेळ कुठे असतो हल्ली?”

“आणि ते जड होतं म्हणतात कॉम्प्युटरला,” काकांनीही हातभार लावला. कॉम्प्युटर चालू कुठून करतात, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

सासूबाईंनी दोघांकडेही वळून पाहिलं नाही. “मी हिला विचारतेय,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. कचेरीत हाताखालच्या मुलीला एखादी रेघ दाखवून, ही अशी का आली, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. “का कापलंस?”

सूनबाईला तीन-चार कारणं तोंडपाठ होती. ती तशीच बाजूला ठेवून तिने कापलेले बारा सेकंद परत आणले, जागच्या जागी जोडले आणि व्हिडिओ अगदी पहिल्यापासून लावला. टेबलाच्या कडेवर हात आला, टेकला. बारा सेकंद चौघांनी तो पाहिला. बारा सेकंद म्हणजे बराच वेळ असतो.

तिने खुर्ची वळवली आणि मागे उभ्या असलेल्या सासूबाईंचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो तिथेही थांबला नाही.

“आई, तुमचा हात थरथरतो,” ती म्हणाली. “आठ महिने झाले. मी रोज कापून टाकतेय.”